संमिश्र संख्यांचा भागाकार : सरावाला गणितं भरपूर आहेत, पण उत्तर बरोबर आलं हे कळणार कसं?

झिरोवॅट :
नमस्कार मंडळी, एसी सर्किट हा विषय पहिल्यापासून शिकायला घेतलाय आणि दुसऱ्या धड्यापासूनच संमिश्र संख्या सुरू झाल्या. बेरीज वजाबाकीत काही नाही, वास्तव भाग वास्तवात आणि काल्पनिक काल्पनिकात, संपला विषय. गुणाकारही कंस सोडवत सोडवत होतो. भागाकार आला की मात्र चिन्हांचा गोंधळ होतो आणि गंमत म्हणजे सोडवताना सगळं बरोबरच वाटत असतं. आता हेच बघा (वजा एकाच्या वर्गमुळाला इथे आय लिहितोय, आमच्या पुस्तकात जे आहे)

(३ + २आय) ÷ (१ − ४आय)

छेदाच्या कॉन्जुगेटने (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं केलेली संख्या) म्हणजे (१ + ४आय) ने वर खाली गुणलं. छेद १७ आला. अंश आला ११ + १४आय. म्हणून उत्तर (११ + १४आय)/१७. पुस्तकात मागे (−५ + १४आय)/१७ दिलंय. काल्पनिक भाग जुळतोय, वास्तव नाही.

चूक कुठे आहे ते तर सांगाच, पण खरा प्रश्न पुढचा आहे. सरावाला गणितं कुठेही मिळतात, उत्तरं सगळ्यांची दिलेली नसतात. मग आपलं आपल्याला कसं कळायचं की बरोबर आलंय? आणि दुसरं एक, −२ − २आय चा कोन काढायला कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स केला तर ४५ दाखवतो, पुस्तक म्हणतं −१३५. कोणाचं खरं?

पाटीपेन्सिल :
चूक एका ठिकाणी आहे. (३ + २आय)(१ + ४आय) मध्ये चार गुणाकार होतात : ३, १२आय, २आय आणि ८आय². शेवटचं जे ८आय² आहे ते −८ होतं, तुम्ही +८ धरलंत, ३ आणि ८ अकरा. ते ३ − ८ = −५ पाहिजे.

ही चूक सगळ्यात कॉमन आहे आणि ती घाईमुळे होते असं लोक म्हणतात पण माझ्या मते लिहिण्याच्या पद्धतीमुळे होते. आपण आय² तसंच ठेवतो, पुढच्या ओळीत बदलू म्हणतो, आणि पुढच्या ओळीत जाईपर्यंत ते नुसतं ८ होऊन बसतं. त्यामुळे ८आय² हे कागदावर लिहायचंच नाही. २आय गुणिले ४आय दिसलं की हाताने थेट −८ लिहिलं पाहिजे. चार खान्यांचा चौकोन काढा, वर १ आणि ४आय, बाजूला ३ आणि २आय, प्रत्येक खान्यात गुणाकार भरा. दोन्हीकडे आय असलेला खाना कायम उजवीकडे खालचा असतो, त्याचं चिन्ह उलटं. थोड्या दिवसांनी चौकोन लागत नाही.

छेदात मात्र उलटं होतं म्हणून अजून घोळ. (१ − ४आय)(१ + ४आय) मध्ये मधल्या दोन टर्म उडतात आणि −१६आय² चं +१६ होतं. म्हणजे छेदात कायम दोन वर्गांची बेरीज. छेदात वजा दिसला किंवा आय उरला की तिथेच थांबायचं, पुढे जाण्यात अर्थ नाही.

शून्यावर_शून्य :
शंभर गणितं सोडवा, आपोआप बसेल. आम्ही तेच केलं. बाकी खटाटोपाची गरज नाही.

अर्धविराम :
@शून्यावर_शून्य शंभर गणितांत आय² चं चिन्ह शंभर वेळा चुकवलं तर चुकीचीच सवय पक्की होते की हो. आधी ताळा शिकायचा, मग शंभर काय दोनशे करा.

@झिरोवॅट पहिला ताळा असा. कोणत्याही संमिश्र संख्येच्या मॉड्युलसचा (आकृतीत शून्यापासूनच्या अंतराचा) वर्ग म्हणजे वास्तव भागाचा वर्ग अधिक काल्पनिक भागाचा वर्ग, वर्गमूळ काढायच्या भानगडीत पडूच नका. दोन संख्यांचा गुणाकार केला की त्यांच्या या वर्गबेरजांचाही गुणाकार होतो, भागाकाराला भागाकार. तुमच्या अंशाच्या गणितात ३ + २आय ची वर्गबेरीज ९ + ४ = १३, १ + ४आय ची १ + १६ = १७. म्हणजे गुणाकाराची १३ × १७ = २२१ आलीच पाहिजे. पुस्तकातलं −५ + १४आय घ्या, २५ + १९६ = २२१. जुळलं. तुमचं ११ + १४आय घ्या, १२१ + १९६ = ३१७. नाही जुळत, म्हणजे चूक आहे, पुस्तकाचं मागचं पान उघडायची गरजच नाही.

हे नुसतं कॉम्प्लेक्सचं नाही बरं का. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं की परत दोन वर्गांची बेरीजच येते हा नियम ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखला जातो आणि ब्रह्मगुप्त सातव्या शतकातला, म्हणजे वजा एकाचं वर्गमूळ काढायचं कोणाच्या मनातही नव्हतं तेव्हाचा.

चौथा_चरण :
अर्धविराम यांचा ताळा छान आहे, मी त्यात माझा एक आवडता घालतो. नवाचा ताळा माहीत असेल, मोठ्या गुणाकारात अंकांची बेरीज करून बघतात तो. तसाच इथे करता येतो : आय च्या जागी ३ ठेवा आणि फक्त शेवटचा अंक बघा.

का चालतं? आय² = −१, आणि ३² = ९. नऊ आणि वजा एक यांच्यात फरक दहाचा. म्हणून शेवटच्या अंकापुरता ३ हा आय सारखाच वागतो. अट एकच, सगळे आकडे पूर्णांक पाहिजेत, म्हणून छेदाने भागायच्या आधी अंशावर हा ताळा लावायचा.

(३ + २आय) चे झाले ३ + ६ = ९. (१ + ४आय) चे १ + १२ = १३. गुणाकार ११७, शेवटी ७. उत्तर −५ + १४आय चे −५ + ४२ = ३७, शेवटी ७. जुळलं. ११ + १४आय चे ५३, शेवटी ३, फेल. तोंडी होतो, कागद लागत नाही.

उणे संख्या आली तर जरा सांभाळून, −३ चा शेवटचा अंक ३ नाही धरायचा, त्यात दहा मिळवून ७ करायचा.

झिरोवॅट :
अरे वा, हे दोन्ही कुठेच वाचलं नव्हतं. पण मी आता मुद्दाम खोडी काढून बघितली. समजा माझं उत्तर ५ + १४आय आलं असतं, म्हणजे नुसतं वजाचं चिन्ह पडलं असतं. वर्गबेरीज २५ + १९६ = २२१, पास. आय ला ३ धरून ५ + ४२ = ४७, शेवटी ७, तेही पास! दोन्ही ताळे बरोबर म्हणतायत आणि उत्तर चूक आहे. मग?

चौथा_चरण :
हाहा, बरोबर पकडलंत. −५ आणि ५ मधला फरक नेमका दहा आहे म्हणून माझा ताळा फसला, शेवटच्या अंकाला दहाचा फरक दिसतच नाही. पाचाच्या पटीत नसलेला आकडा असता तर सापडला असता. ताळा चूक पकडतो, उत्तर बरोबर असल्याची हमी देत नाही, नवाच्या ताळ्याचंही तेच आहे, अंकांची अदलाबदल झाली तर तो गप्प बसतो.

अर्धविराम :
आणि वर्गबेरजेला तर चिन्ह कधीच दिसत नाही, वर्ग केला की वजा गेला. इतकंच काय, वास्तव आणि काल्पनिक भाग एकमेकांच्या जागी लिहिले तरी ती पासच करणार. म्हणून तिसरा ताळा चित्राचा.

अगदी ओबडधोबड आकृती काढा, पट्टी नको. गुणाकारात कोनांची बेरीज होते. ३ + २आय हा बिंदू तीन उजवीकडे दोन वर, कोन ४५ पेक्षा कमी, साधारण ३४ अंश. १ + ४आय हा जवळजवळ उभाच, ७६ अंश. बेरीज ११० च्या आसपास, म्हणजे नव्वद ओलांडले, म्हणजे उत्तर दुसऱ्या चरणात, डावीकडे वर. वास्तव भाग उणेच पाहिजे. ५ + १४आय उजवीकडे वर आहे, बाद. ११ + १४आय पण त्याच चरणात, तेही बाद. बघा, तुमची मूळ चूक नुसत्या चित्राने पण सापडली असती.

माझा क्रम असा असतो : आधी चित्र, कारण त्याने चिन्हं ठरतात, मग वर्गबेरीज, कारण तिने आकडे ठरतात. दोन्ही पास झाले की चूक लपायला फारच कमी जागा उरते. तरीही शंका असेल तर सरळ उलटा गुणाकार. (−५ + १४आय)(१ − ४आय) = −५ + २०आय + १४आय + ५६ = ५१ + ३४आय, १७ ने भागा, ३ + २आय. मूळ संख्या परत मिळाली, विषय संपला. परीक्षेत वेळ असेल तर हाच करा, तो फसत नाही.

वायरमन :
कोनाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो. पुस्तकाचं खरं. टॅन इन्व्हर्सला तुम्ही −२ भागिले −२ म्हणजे १ देताय, आणि २ भागिले २ पण १ च असतो, कॅल्क्युलेटर बिचारा कसा ओळखणार बिंदू कुठल्या चरणात आहे. तो फक्त −९० ते ९० मधला कोन देतो. वास्तव भाग उणे असेल तर १८० मिळवायचे किंवा वजा करायचे. ४५ − १८० = −१३५. २२५ लिहिलं तरी बिंदू तोच, पण पुस्तकं सहसा −१८० ते १८० मध्ये लिहितात. कॅल्क्युलेटरला आर थीटा वालं पोलरचं (संख्या अंतर आणि कोन अशा रूपात देणारं) बटण असेल तर ते वापरा, त्याला दोन्ही भाग वेगवेगळे द्यावे लागतात म्हणून ते चरण चुकवत नाही. आणि डिग्री रेडियनचा मोड बघून घ्या, निम्मी बोंब तिथेच असते.

पायथॉनवर पण तपासता येतं. तिथेही आय नाही जे च आहे, आणि नुसतं जे चालत नाही, १जे लिहावं लागतं. (३+२जे)/(१−४जे) टाकलं की −०.२९४ आणि ०.८२४ येतं, म्हणजे −५/१७ आणि १४/१७. अर्थात आकडे आणि जे आपल्या नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डवर टाईप करायचे.

शून्यावर_शून्य :
बटण आहे, पायथॉन आहे, मग हाताने करायचंच कशाला हा साधा प्रश्न आहे माझा.

वायरमन :
रोजच्या कामात मी पण हाताने करत नाही. पण शिकताना हाताने केलेलं असलं की स्क्रीनवर आलेला आकडा बरळतोय हे नजरेला कळतं. इम्पीडन्स (एसीत करंटला होणारा एकूण अडथळा) ३ + ४जे आहे, व्होल्टेज १० आहे, करंट काढायचा. १० ÷ (३ + ४जे), वर खाली (३ − ४जे) ने गुणा, छेद २५, उत्तर १.२ − १.६जे. मॅग्निट्यूड (म्हणजे वरचा मॉड्युलसच) १० ÷ ५ = २ पाहिजे, आणि १.४४ + २.५६ = ४, वर्गमूळ २. कोन उणे पाहिजे कारण इंडक्टिव्ह म्हणजे कॉईलवाल्या सर्किटमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, −५३.१३ अंश. हे डोक्यात असलं तर कोणी १.२ + १.६जे दाखवलं की लगेच खटकतं, ते कपॅसिटरचं उत्तर झालं.

पाटीपेन्सिल :
सरावाबद्दल राहिलं. उत्तर नसलेली गणितं शोधत बसू नका, स्वतः बनवा, आणि उलटीकडून बनवा. आधी उत्तर ठरवायचं, समजा २ − ३आय. छेद ठरवायचा, समजा ४ + आय. दोघांचा गुणाकार : ८ + २आय − १२आय + ३ = ११ − १०आय. झालं गणित तयार, (११ − १०आय) ÷ (४ + आय) किती. वहीत अशी डझनभर लिहून ठेवायची, उत्तरं दुसऱ्या पानावर, आणि दोन दिवसांनी सोडवायची, तोपर्यंत आपण काय ठरवलं होतं ते विसरलेलं असतं. फायदा असा की बनवताना गुणाकाराचा सराव होतो, सोडवताना भागाकाराचा, आणि उत्तर कायम सुटसुटीत येतं त्यामुळे अपूर्णांक आला की चुकलो हे तिथल्या तिथे कळतं. सगळीच अशी करू नका मात्र, नाहीतर सुटसुटीत उत्तराची चटक लागते आणि खऱ्या गणितात /१७ आलं की माणूस घाबरतो.

चौथा_चरण :
@पाटीपेन्सिल ११ − १०आय ची वर्गबेरीज १२१ + १००, परत २२१! वर −५ + १४आय ची पण २२१ च होती. १३ आणि १७ दोन्ही वेळा तेच आहेत म्हणून. एकाच संख्येची दोन वर्गांत दोन प्रकारे फोड, ५² + १४² आणि १०² + ११². एकाला तसंच गुणायचं आणि एकदा कॉन्जुगेट घेऊन गुणायचं की दोन वेगळ्या जोड्या मिळतात. विषयांतर झालं, पण मला असलं काही दिसलं की राहवत नाही.

सरावात दोन गोष्टी अजून घाला. एक, आय चे घात. चारने भागून बाकी बघायची, आणि चारने भागायला शेवटचे दोन अंक पुरतात. आय चा २०२३ वा घात? २३ ला चारने भागून बाकी ३, म्हणून −आय. त्याला जोडून (१ + आय)² = २आय हे तोंडपाठच करा, मग (१ + आय) चा दहावा घात म्हणजे (२आय) चा पाचवा, ३२आय, अर्ध्या मिनिटात. कंस दहा वेळा सोडवत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोन, वर्गमूळ. √(−५ + १२आय) काढायचं असेल तर उत्तर अ + बआय धरा. अ² − ब² = −५, २अब = १२, आणि तिसरं समीकरण फुकट मिळतं, अ² + ब² = १३, कारण २५ + १४४ चं वर्गमूळ १३. पहिलं आणि तिसरं मिळवा, अ² = ४, ब² = ९. गुणाकार अब धन आहे म्हणून दोघांची चिन्हं सारखी : २ + ३आय किंवा −२ − ३आय. ते तिसरं समीकरण न वापरता दुसऱ्यातून ब काढून पहिल्यात घातलं तर चौथ्या घाताचं समीकरण येतं, सुटतं तेही, पण कशाला.

आणि √−४ × √−९ हे ६ नाही, −६ आहे. आधी २आय आणि ३आय करायचं, मग गुणायचं. मुळाखाली वजा असताना दोन मुळं एकत्र करायची नाहीत.

अर्धविराम :
वर्गमुळाचा विषय निघालाच आहे तर घनमुळाचं एक गणित देतो, सरावाला उत्तम आणि मला वाटतं सगळ्या विषयाची गंमत त्यात आहे. क्ष³ = १५क्ष + ४. याचं एक उत्तर ४ आहे, ६४ = ६० + ४, कोणीही ताडून बघेल. पण सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या सूत्राने सोडवायला गेलं की २ + √−१२१ आणि २ − √−१२१ यांची घनमुळं काढून बेरीज करावी लागते. खरंखुरं उत्तर समोर दिसतंय आणि सूत्र मात्र वजा संख्येच्या वर्गमुळात अडकलंय. बॉम्बेली या इटालियन गणितज्ञाने १५७२ मध्ये छापलेल्या ग्रंथात या असल्या राशींचे गुणाकाराचे नियम सरळ लिहून काढले आणि दाखवलं की घनमूळ २ + √−१ आहे. करून बघा : (२ + आय)² = ३ + ४आय, परत (२ + आय) ने गुणा, ६ + ३आय + ८आय − ४ = २ + ११आय. आणि ११आय म्हणजे √−१२१ च. दुसरं घनमूळ २ − आय. बेरीज केली की आय उडाला, ४. तुम्ही आज जो कंस सोडवताना −८ चं +८ करताय तोच कंस नीट सोडवून त्या माणसाने ती अडचण सोडवली होती.

झिरोवॅट :
सगळ्यांचे आभार. पाटीपेन्सिल यांच्या सांगण्यावर सुटसुटीत नसलेलं एक घेतलं, (७ − आय) ÷ (२ + ३आय). आधी चित्र : गुणायचंय (२ − ३आय) ने, ७ − आय आडव्याच्या जरासं खाली, २ − ३आय बराच खाली, बेरीज केली तरी −९० च्या आत, म्हणजे उजवीकडे खाली, वास्तव धन आणि काल्पनिक ऋण. मग गुणाकार : १४ − २१आय − २आय − ३ = ११ − २३आय. छेद १३. वर्गबेरीज ५० × १३ = ६५०, आणि १२१ + ५२९ = ६५०. आय च्या जागी ३ : ४ × (−७) = −२८, उत्तराचे ११ − ६९ = −५८, दोघांत फरक ३० चा. तिन्ही पास. म्हणून (११ − २३आय)/१३.

एकच विचारतो आणि थांबतो. आमच्याकडे पॅरलल इम्पीडन्सला गुणाकार भागिले बेरीज असं सूत्र आहे. ते सगळं आय वाल्या रूपात करू की पोलरमध्ये?

वायरमन :
दोन्हीत. बेरीज पोलरमध्ये होत नाही, ती साध्या रूपातच करा. वरचा गुणाकार आणि शेवटचा भागाकार पोलरमध्ये केलात तर मॅग्निट्यूड गुणले भागले, कोन मिळवले वजा केले की झालं, कॉन्जुगेटची गरजच नाही. फक्त मधे रूप बदलताना कोन एका दशांशावर कापू नका, निदान दोन तीन ठेवा. आणि बेरजेचा वास्तव भाग उणे आला तर थांबून मागे बघा, साध्या रेझिस्टन्स, कॉईल, कपॅसिटरच्या सर्किटमध्ये तसं येत नाही.